पाच स्वच्छ फळ्या

परबसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी कपाटात डोकं घालत. पाणी नंतर, चहा त्याहून नंतर. आमच्या नाहूरच्या घरी गणपतीत पहिल्यांदा आले, मूर्तीपुढे हात जोडले न जोडले आणि सरळ आईच्या कपड्यांच्या कपाटाकडे वळले. दार उघडून मान आत. आई माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आतून आवाज आला, "मागची फळी काळी पडलीय. भिंतीला चिकटवून ठेवलंय ना? चार बोटं पुढे घ्या. बुरशीला आडोसा लागतो."

"हा तुझा साहेब?" आईनं स्वयंपाकघरात मला विचारलं. "मला वाटलं, काही हरवलंय त्याचं."

मुलुंडच्या एका कारखान्यात ते मुख्य केमिस्ट होते. लाकडाचा भुसा चिकट रसायनात कालवून, दाबून आम्ही फळ्या बनवत असू. घरातली पार्टिशनं, कपाटं, ऑफिसातल्या भिंती, सगळं त्या काळात या फळ्यांचं व्हायला लागलं होतं. ऐंशीनंतरची ती तीन-चार वर्षं. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली आणि त्यात माणसं दोन. साहेब प्रयोग करायचे, मी नोंदी ठेवायची. नमुने, तारखा, वेळापत्रकं, कुठली बरणी कुठल्या खणात, हे माझं काम, आणि ते मी चोख करत असे. साहेब पन्नाशीचे, काटकुळे, खिशात पेनाच्या जागी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फळीचा तुकडा. वडील परळच्या गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडे. एरवी आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलत. घाबरले किंवा चिडले की मात्र गावचं बोलणं बाहेर यायचं, त्यामुळे मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नसे.

भुशाच्या फळीला बुरशी फार लवकर धरते. मुंबईच्या हवेत तर आठ दिवसांत काळे ठिपके. त्यावर कारखान्याकडे एक औषध होतं. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला पेंटा म्हणत. मागच्या शेडमध्ये त्याची टाकी होती. फळ्या त्यात बुडवून काढायच्या. टाकीवरची माणसं तोंडाला फडकं बांधून काम करत, तरी दुपारपर्यंत त्यांचे डोळे लाल होत आणि पावसाळी हवेतही अंगाला घामाच्या धारा लागत. हाताची सालं निघायची. पेंटा लावलेल्या फळीला बुरशी येत नाही, वाळवी येत नाही, साधी मुंगी चढत नाही.

"काहीच येत नाही ना," साहेब म्हणायचे, "त्याचीच मला भीती वाटते."

बाहेरच्या देशांतली मासिकं ते कुठून कुठून मिळवून वाचत. तिकडे हे औषध घराच्या आत नको असं म्हणायला लागले होते. "लाकडात घातलं म्हणजे लाकडात बसून राहतं असं नाही गं सुलभा," त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "हळूहळू हवेत येतं. खोली बंद असली की माणूस तेच घेत बसतो. वास गेला की आपल्याला वाटतं, औषध गेलं. वासाची आपल्याला सवय होते, एवढंच."

त्यांचा एक नियम होता. पोटात चालेल तेच भिंतीत घालायचं. हे ऐकून लोक हसायचे, पण साहेब पार्ल्याला ज्या बेकरीतून पाव आणत तिथल्या म्हाताऱ्या भटारखानेवाल्याला त्यांनी एकदा विचारलं की तुझा पाव पावसाळ्यातसुद्धा तीन-चार दिवस कसा टिकतो. त्यानं पिठात घालायचं, बुरशी धरू न देणारं एक पांढरं मीठ दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते पुडीत बांधून प्रयोगशाळेत आलं. त्याच्या जोडीला बोरिक पावडर, पोटात नाही तरी डोळे धुवायला चालणारी. टाकीवरची पोरं दारातून डोकावून ओरडायची, "साहेब, फळी करताय की कॅरमबोर्ड?" साहेब म्हणायचे, "पाव करतोय. टिकला तर पहिला तुम्हाला."

दोन वर्षं बरण्यांत तुकडे कुजवण्यात गेली. शेवटी एक मिश्रण असं जमलं की ओल्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा महिनाभर कोरा राहिला. मी आनंदानं नोंद केली. साहेब काही खुलले नाहीत. "बरणीत संसार नसतो," म्हणाले. "बरणीत कुणी भात शिजवत नाही, ओले टॉवेल वाळत घालत नाही. घरं बघ."

मी सहा घरं बघितली. आरे कॉलनीतलं एक क्वार्टर, पार्ल्याला साहेबांच्या मोठ्या बहिणीचं घर, जिथे साहेब स्वतःही राहत, घाटकोपरच्या चाळीत माझ्या ओळखीच्या चव्हाणवहिनी, बोरिवलीत एक, भांडुपला एक, आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या हिराबाई. प्रत्येक घरात मोरीजवळ हातभर लांबीची एक फळी टांगायची आणि पावसाळाभर दर आठवड्याला तपासायची. मी प्रत्येक घराला छापल्यासारखं कार्ड लिहून दिलं. वर तपासणीचा वार, गुरुवार, आणि वेळ. खाली सात सूचना. फळीला खिळा मारू नये, रंग लावू नये, फळीवर भांडं ठेवू नये, जागा बदलू नये, अशा. कार्डाचं साहेबांनीही कौतुक केलं.

पावसाळाभर आम्ही गुरुवारी हिंडलो. तीन घरं ते, तीन घरं मी, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. सगळीकडे पोहे. पाच घरांत फळी कोरी करकरीत. हिराबाईंच्या घरात मात्र दुसऱ्याच आठवड्यात कडेला करडी लव आली, चौथ्या आठवड्यात फळी काळी झाली. साहेब तिच्यापुढे बराच वेळ उभे राहायचे, बोट लावायचे, वास घ्यायचे.

"खारा वारा आहे, घरात सुकी मासळी आहे," मी म्हटलं. "हे घर वेगळंच धरायला हवं."

"असेल," साहेब म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं, पण पटायला हवं होतं.

कारण ऑगस्टमध्ये मॅनेजरसाहेबांनी घाई सुरू केली. बोरिवलीला एका प्रसूतिगृहाचा दुसरा मजला नवा बांधला जात होता. बाळंतिणींच्या हॉलमधली पार्टिशनं आणि पाळण्यांमागची भिंत, सगळी आमच्या फळ्यांची होणार होती. "डॉक्टरीणबाई कडक आहेत. भिंतीवर एक डाग दिसता कामा नये," मॅनेजरसाहेबांनी बजावलं. परबसाहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं की तान्ह्या बाळांच्या उशाशी पेंटा जाणार नाही, आपली नवी फळी जाईल. मी अहवाल तयार केला. सहापैकी पाच घरं निर्दोष, सहावं खाडीलगत, विशेष परिस्थिती. साहेबांनी सही केली. त्या दिवशी त्यांनी टाकीवरच्या सगळ्यांना पेढ्यांऐवजी पाव वाटले.

सप्टेंबरात एका गुरुवारी सुट्टी आली, म्हणून मी चव्हाणवहिनींकडे बुधवारीच गेले. दार उघडंच होतं. आत रॉकेलचा वास. वहिनी मोरीजवळ स्टुलावर उभ्या, हातात बोळा.

"अगंबाई! आज कशी? आज बुधवार ना?"

"वहिनी, काय करताय?"

"काय करणार, तुमची फळी पुसतेय. मेली आठवडाभरात हिरवी-काळी होऊन बसते. म्हणून बुधवारी रॉकेलचा हात मारते."

"दर बुधवारी?"

"मग? पहिल्यापासून. एवढा मोठा साहेब घरी येणार, त्याला काय घाण फळी दाखवू? म्हणेल, चव्हाणीण दिवसभर करते काय!" माझ्याकडे बघून त्यांचा हात थांबला. "काही चुकलं का गं? कार्डावर बघ हां, पुसू नये असं कुठं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. सात सूचना होत्या, आठवी मला सुचली नव्हती. वहिनींच्या हातातला बोळा मी उलटा करून बघितला. आतून काळा होता.

मग मी त्याच दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत बाकीची घरं केली, कुणालाही न कळवता. पार्ल्याला साहेबांच्या बहिणीनं फळी डेटॉलच्या गरम पाण्यानं धुतली होती. "दत्ताच्या नोकरीचं काम आहे, नीट दिसायला नको?" आणि हे भावाला सांगायचं नाही असं मलाच बजावलं. बोरिवलीला आणि भांडुपला रोज पुसत होते. आरे कॉलनीतल्या बाईंनी तर चुन्याच्या निवळीचा हात फिरवला होता. सगळ्याजणी चांगल्या घरच्या, नीटनेटक्या बायका. त्यांनी आमची अब्रू राखली होती. शेवटी मी हिराबाईंकडे गेले. त्या टोपली उतरवून नुकत्या टेकल्या होत्या.

"मावशी, तुम्ही ही फळी कधी पुसली नाही?"

"मना कवा येल मिलतंय फली पुसाला?" त्या फणकारल्या. "सकालधरनं बाजारान मी. तुमी सांगलं नाय, मी पुसली नाय."

शनिवारी सकाळी मी साहेबांपुढे यादी ठेवली. घर, कशानं पुसलं, किती वेळा. त्यांनी ती दोनदा वाचली. बहिणीच्या नावापाशी बोट थांबलं. मागच्या शेडमध्ये फळ्या टाकीत सोडल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे खरा काय ता हिराबायच्याच घरान सांगितल्यान," ते म्हणाले.

मी व्यवहाराचं बोलले. साहेब, हे आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. फळ्या जाऊ द्या. बुरशी आली तर पुसतील तिकडेही.

"तान्ह्या पोराच्या छातीत बुरशी पण नको गं. आणि पहिला डाग दिसला की मॅनेजर सगळ्याच फळ्या टाकीत बुडवणार. मग माझ्या मिठाचं नाव पुन्हा कोण काढणार?"

"आणि सांगितलं तर?"

"तरी बुडवणारच."

"मग सांगायचं कशाला?"

"खोट्याखाली माझी सही आहे ना." ते उठले. "शिवाय मला चूक दिसलीय. हिराबाईंच्या फळीला कडेनं धरलं, मधून नाही. कापलेल्या कडा उघड्या राहतात. कडा बंद केल्या, मीठ वाढवलं, तर होईल. अजून एक पावसाळा पाहिजे."

मॅनेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले. "म्हणजे परब, तुमची फळी बायकांनी पुसून पास केली!" मग हसू थांबलं. "बोरिवलीचं काम पेंटात जाईल. सोमवारी टाकी भरा."

"तिथे तान्ही मुलं असतील," साहेब म्हणाले.

"तिथे तक्रार नसेल."

फळ्यांबरोबर प्रयोगशाळेचा कागद जाई, 'तपासले, घराच्या आत वापरण्यास योग्य'. साहेबांनी त्यावर सही करायला नकार दिला. कागद माझ्यापुढे आला. माझ्या वडिलांची गिरणी संपात बंद पडलेली, घरात मिळवती मी एकटी. ही सबब नाही, त्या दिवशीची परिस्थिती आहे. मी सही केली. संध्याकाळी साहेबांनी कागद हातात घेऊन बघितला. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "तू नाय केलं असतंस तर दुसरो कोणतरी करतलो होतो." आणि मग, अगदी हळू, "त्या हॉलाक खिडक्यो किती आसत, ता खंय लिहिलेला आसा?"

नकाशा माझ्याकडे होता. तीन, मी सांगितलं. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

पुढच्या जुलैत त्यांच्या काही राहिलेल्या कागदांवर सह्या हव्या होत्या म्हणून मी पार्ल्याला गेले. बहिणीनं दार उघडलं. "दत्ता नाही. चार वाजता बोरिवलीला जातो, एक दिवस चुकत नाही. कुणाचं बाळंतपण आहे विचारलं तर सांगत नाही. या वयात काय म्हणायचं, तूच सांग!" स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तारेला फळीचे आठ तुकडे लटकत होते. प्रत्येकाला चिठ्ठी, 'ताई, हात लावू नये'.

मी बोरिवलीला गेले. भेटीची वेळ होती. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, आठ खाटा, प्रत्येक खाटेशी पाळणा. साहेब हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन एका अनोळखी बाळंतिणीच्या खाटेशी उभे होते आणि एक दणकट आया त्यांच्यावर ओरडत होती.

"ओ काका! पुन्हा खिडकी उघडली? पाऊस आत येतो, पोरांना सर्दी होईल!"

"होऊ दे. सर्दी बरी होते."

"तुमचा पेशंट कोण ते सांगा आधी."

"चौथ्या खाटेवरची."

"ती काल घरी गेली."

"मग पाचवी."

पाचवी हसायला लागली. साहेबांनी तिला एक मोसंबं दिलं, एक आयाला दिलं आणि पुढची खिडकी उघडली. आया पुटपुटत बाहेर गेली. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी कारखान्याकडून कागद मागवला. तो आला." ते खिडकीची कडी नीट अडकवत होते. "वाचला त्यांनी. मला दाखवलाही. मग मी काय बोलणार?"

तो कागद माझ्या सहीचा होता. मी भिंतीकडे वळले. बाहेर जिन्यातली भिंत हिरवट झाली होती, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत शेवाळ होतं. आत पाळण्यांमागची भिंत पांढरी शुभ्र, जुलै महिन्यात, एक ठिपका नाही. मी वाकून नाक जवळ नेलं. रंगाखालून, अगदी पुसट, मागच्या शेडचा वास आला. एक बाळ माझ्या हाताजवळ झोपलं होतं. तोंड भिंतीकडे.

"बाळं तीन-चार दिवसच असतात इथे," साहेब म्हणाले. "त्यांचं एक वेळ निभेल. पण ही आया दिवसाचे बारा तास असते."

त्या पावसाळ्यात त्यांचं मिश्रण जमलं. कडा मेणानं बंद केलेली, मीठ वाढवलेली फळी हिराबाईंच्या घरात गणपतीपर्यंत कोरी राहिली, आणि ती कुणी पुसली नव्हती. त्यांनी ते लिहून काढून चार कारखान्यांना पाठवलं. आमच्याही. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकानं कळवलं की सध्याच्या औषधाबद्दल कुणाचीही तक्रार नाही. आमच्या कारखान्यात ते पत्र माझ्याकडेच आलं. मी ते मॅनेजरसाहेबांसमोर ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर परत होतं, वर काही न लिहिता.

दोन वर्षांनी, भर श्रावणात, साहेब गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी नव्हते. त्या मधल्या काळात किती बाळं त्या हॉलमधून घरी गेली आणि त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसणार. घरी गेलेल्या बाळांची यादी कोण ठेवतो?

मी नोकरी सोडली नाही. पण त्यांच्या दहाव्यानंतर एक दिवस चार वाजता बोरिवलीला गेले. तीच आया होती. पूर्वीपेक्षा उतरलेली वाटली, मान घामानं भिजलेली, आणि बोलताना दोनदा खोकली.

"ते मोसंबीवाले काका नाही आले बरेच दिवस?"

"वारले."

ती स्टुलावर बसली. "चांगला माणूस," म्हणाली. "जरासा येडा. मला रोज विचारायचा, रात्री झोप लागते का, भूक लागते का. घरच्यांनी कधी विचारलं नाही."

"लागते का?" मी विचारलं.

"नाही लागत. वय झालं आता."

मी तिला सगळं सांगितलं. भिंतीत काय आहे, कागदावर सही कुणाची आहे. ती ऐकत होती, पण माझ्या खांद्यावरून तिचं लक्ष पाळण्यांकडे होतं. शेवटी म्हणाली, "ताई, भिंत तर किती स्वच्छ आहे."

मी तिन्ही खिडक्या उघडल्या. "एवढ्या उघड्या राहू द्या, मावशी. निदान दिवसा."

"राहू दे, राहू दे," ती म्हणाली, काकांच्या आठवणीनं असेल.

मी जिना उतरायला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत आले तोवर पावसाची मोठी सर आली. वर एक खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मी तिथेच थांबले. मग दुसरी. मग तिसरी.